अंबिका धुरंधर : चित्रकार-कन्येचे कलाजीवन आणि इतिहासातील तिचे स्थान

प्रास्ताविक :

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरीचा सर्वाधिक लोकप्रिय लेखक म्हणून चार्ल्स डिकन्सचे नाव घेतले जाते. त्याची कन्या केट (१८३९-१९२९) ही चित्रकार होती, ही गोष्ट मात्र इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांनाही बहुधा तळटीपेतूनच कळते. असेच एक उदाहरण महाराष्ट्राच्या कलेतिहासात आहे. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७-१९४४) यांच्या कन्या अंबिका धुरंधर (१९१२-२००९) यांच्या कलाजीवनाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. धुरंधर कादंबरीकार नव्हते, हे खरे. तथापि मध्यमवर्गीय घराघरांत पोहोचण्याचे जे भाग्य डिकन्सच्या कथांना लाभले, ते येथे धुरंधरांच्या चित्रांना लाभले. त्यामुळे ही तुलना अस्थानी ठरू नये.

विषय-विवेचन :

केटने वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी लंडनच्या बेडफर्ड महाविद्यालयात चित्रकलेचे धडे घेण्यास प्रारंभ केला. रॉयल अकादमीच्या चित्रशाळेचे दार त्या काळी स्त्रियांना बंद होते. ते १८६० मध्ये लॉरा हरफर्ड हिच्यासाठी उघडले, आणि तेही तिने चित्रांवर केवळ आद्याक्षरे लिहिल्यामुळे. केटचा पहिला विवाह १८६० मध्ये कादंबरीकार विल्की कॉलिन्सचा भाऊ चार्ल्स कॉलिन्स याच्याशी झाला. त्याच्या मृत्यूनंतर ती चित्रकार कार्लो पेरुजिनी याची पत्नी झाली. १८७७ पासून तिची चित्रे रॉयल अकादमीच्या प्रदर्शनांत दिसू लागली. म्हणजे व्यावसायिक चित्रकार म्हणून तिची खरी सुरुवात पित्याच्या निधनानंतर (१८७०) सात वर्षांनी झाली. पुढील काळात मात्र तिच्याकडे येणारी बहुतेक मंडळी चित्रांविषयी नव्हे, पित्याविषयी विचारीत. पित्याने आईला लिहिलेली पत्रे तिने १८९९ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या स्वाधीन केली. आईवर झालेल्या अन्यायासंबंधीचे तिचे कथन ग्लॅडिस स्टोरी हिच्या ग्रंथातून १९३९ मध्ये, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर प्रकाशात आले. इतिहासाने तिला साक्षीदार मानले, चित्रकार मानले नाही.

अंबिका धुरंधर यांची परिस्थिती अनेक अर्थांनी भिन्न होती. कोल्हापूरचे धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले. त्या वेळी तेथील प्रमुख जॉन ग्रिफिथ्स होते. याच ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना सोबत घेऊन १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या होत्या. (औरंगाबादच्या वाचकाला हा संबंध मुद्दाम सांगण्याची गरज नसावी.) धुरंधर पुढे त्याच संस्थेत अध्यापक झाले आणि १९३० मध्ये संचालकपदाचा कार्यभार सांभाळणारे पहिले भारतीय ठरले. किंकेडच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४) आणि रॉथफील्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या ग्रंथांतील त्यांची चित्रे सर्वपरिचित आहेत. अशा घरात रंग, कागद आणि गुरू हे तिन्ही उपलब्ध होते. शिवाय वडिलांनी कन्येला घरातील छंदापुरते न शिकविता कलाशाळेत पाठविले. १९३१ मध्ये त्यांनी जी. डी. आर्ट ही पदविका संपादन केली. मराठी समाजात स्त्रीने चित्रकलेची पदविका घेणे ही त्या काळी विरळाच गोष्ट होती.

येथे एका वर्षाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. धुरंधरांचे आत्मकथन ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ (१९४०) हे नावाप्रमाणेच १८९० ते १९३१ या कालखंडाचे आहे. १९३१ मध्ये ते सेवानिवृत्त झाले आणि त्याच वर्षी कन्या पदविकाधारक झाली. वडिलांचा ग्रंथ जेथे थांबतो तेथूनच मुलीचे स्वतंत्र कलाजीवन सुरू होते. म्हणूनच केवळ त्या ग्रंथावर विसंबणाऱ्या अभ्यासकाला अंबिकाबाई विद्यार्थिनी म्हणून भेटतात, चित्रकार म्हणून भेटत नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते, त्यांच्या उपेक्षेचे हे एक साधे परंतु महत्त्वाचे कारण आहे.

दुसरे कारण त्यांच्या शैलीत आहे. ऐतिहासिक व पौराणिक प्रसंग आणि व्यक्तिचित्रे हे त्यांचे विषय वडिलांच्याच वास्तववादी परंपरेतले. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह गटानंतर ही परंपरा जुनी ठरली. पिता त्या परंपरेचा शिल्पकार म्हणून टिकून राहिला, कन्या मात्र अनुकरण करणारी ठरविली गेली. याउलट गोमंतकीय चित्रकार अँतोनियो झेवियर त्रिंदाद यांची कन्या अँजेला (१९०९-१९८०) हिने ख्रिस्ती विषय भारतीय पद्धतीने रंगविले, पुढे त्रिकोणाकारांची स्वतःची शैली घडविली आणि ती परदेशी गेली. तिचे वेगळेपण दाखविणे समीक्षकांना सोपे गेले. परंतु वेगळेपण हाच कलावंताच्या मोलाचा एकमेव निकष मानला, तर परंपरा निष्ठेने चालविणाऱ्या किती पुरुष चित्रकारांची नावे आपणास पुसावी लागतील?

अंबिकाबाई अविवाहित राहिल्या. खार येथील ‘अंबासदन’ या वास्तूत वडिलांच्या चित्रसंग्रहाचे जतन त्यांनी दीर्घकाळ केले. वडिलांच्या निधनानंतरची सहा दशकांहून अधिक वर्षे हे कार्य त्यांच्याकडे होते. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१८ मध्ये धुरंधरांचे मोठे प्रदर्शन भरले. अशा प्रदर्शनामागे जपणुकीचे जे श्रम असतात त्यांची नोंद चित्राखालील पट्टीवर होत नाही. केटप्रमाणे त्यांनी मात्र आपले कथन दुसऱ्याच्या लेखणीवर सोपविले नाही. ‘माझी स्मरणचित्रे’ हे त्यांचे आत्मकथन मराठीत असून ते त्यांच्या निधनानंतर २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. वडिलांच्या आणि मुलीच्या या दोन ग्रंथांचे एकत्र वाचन करून अंबिकाबाईंच्या चित्रांची कालानुक्रमे सूची तयार करणे, हे काम मराठीतील कलेतिहासाच्या अभ्यासकांनी हाती घ्यावयास हवे.