कामाचा ताण आणि स्वतःची काळजी : कुठे थांबायचं, काय करायचं, कुणाशी बोलायचं

सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग भागातली पोरं सकाळी अंधारातच गोव्यातल्या कंपन्यांकडे निघतात. बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्याची शिफ्ट, हैदराबादेत आयटीवाल्यांचे रात्रीचे कॉल, इंदूर-बडोद्यात बँकेचं टार्गेट. विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच: ‘ताण कुणाला नाही हो?’ आणि विषय तिथेच संपतो. तो संपू नये म्हणून थोडी माहिती.

ताण या शब्दाला आजचा वैद्यकीय अर्थ मिळाला तो हान्स सेली या शास्त्रज्ञामुळे. थंडी, जखम, विष असे वेगवेगळे त्रास दिले तरी शरीर साधारण एकाच पद्धतीने प्रतिसाद देतं, हे त्यांनी १९३६ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं. अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात, छाती धडधडते, रक्तात साखर सुटते, पचन मंदावतं. अंगावर बैल धावून आला तर ही तयारी जीव वाचवते. पण साहेबांचा रात्री साडेदहाचा व्हॉट्सअॅप मेसेज आला तरी तीच यंत्रणा जागी होते, आणि पळायला तर कुठे नसतं. ताण येऊन गेला तर बिघडत नाही. तो महिनोन्महिने उतरतच नाही, तेव्हा रक्तदाब, झोप, पोट, चिडचिड असं एकेक सुरू होतं.

याच्या पुढची पायरी म्हणजे ‘बर्नआउट’. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात (आयसीडी-११) त्याची तीन लक्षणं दिली: शक्ती पार संपल्यासारखी वाटणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही अशी भावना. यातली महत्त्वाची गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. संघटनेने बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणाशी जोडलेली स्थिती म्हटलंय. म्हणजे दोष एकट्या माणसाचा नसतो. योग दिनाला चटया वाटायच्या आणि टार्गेट तेवढंच ठेवायचं, याने काही होत नाही. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त आढळतो, असं याच संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं. तेव्हा ओव्हरटाइमला ‘हो’ म्हणण्याआधी आठवड्याचे तास एकदा कागदावर मांडून बघा. प्रवासाचे तास त्यात धरलेले नाहीत, तेही बाजूला लिहा.

मग स्वतः काय करायचं? आधी झोप. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात. रात्रपाळीवाल्यांनी सकाळी घरी आल्यावर खोलीत जाड पडदे लावावेत, आणि घरच्यांनी ‘दुपारचा झोपतोय’ म्हणून टोमणे मारू नयेत. चहाचं म्हणाल, तर कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेला कडक चहा अकराला पडल्यावरही अंगात असतो. आणि ‘थोडं बसू, मोकळं वाटेल’ याबद्दल स्पष्टच सांगायला हवं: दारूने डोळा लवकर लागतो खरा, पण मध्यरात्रीनंतरची झोप ती मोडते, आणि दुसऱ्या दिवशी अस्वस्थपणा वाढवूनच देते.

व्यायाम आठवड्याला १५० मिनिटं पुरतो. जिमची पावती फाडलीच पाहिजे असं नाही, झपझप चाललं तरी चालतं. ऐन कामात डोकं तापलं तर श्वास हळू करावा. मिनिटाला सहाएक श्वास, घेण्यापेक्षा सोडणं लांब. याने हृदयाची गती खाली येते. पाचेक मिनिटं लागतात आणि शेजारच्या टेबलावरच्याला कळतही नाही. भजनी मंडळ, तालीम, वाचनालय, रविवारचं क्रिकेट यांतलं काही सुटलं असेल तर ते परत धरा. कामाशी संबंध नसलेली माणसं भेटणं हासुद्धा उपचाराचाच भाग आहे.

मात्र सगळा थकवा मनाचा नसतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. छातीत दुखणं ‘टेन्शन’वर ढकलू नका. आणि दोन आठवडे सलग उदास वाटतंय, कशातच मन लागत नाही, जगणं नको वाटतंय, असं असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

इथे आपल्यासारख्यांची एक वेगळी अडचण येते. दिवसभर कानडी, हिंदी, तेलुगू, गुजराती, इंग्रजी चालवून घेतो आपण. पण मनातलं सांगायची वेळ आली की मराठीच लागते, दुसऱ्या भाषेत ते अर्धंच बाहेर येतं. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक, फोन फुकट, चोवीस तास. फोन लागल्यावर भाषा निवडता येते. तुम्ही राहता कर्नाटकात की तेलंगणात, ते बघू नका, मराठी मागा.

प्रत्यक्ष दाखवायचं झालं तर बेळगावकरांना धारवाडची डिमहान्स ही सरकारी संस्था जवळ. गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय. हैदराबादेत एर्रागड्डा, ग्वाल्हेरात मानसिक आरोग्यशाळा, इंदुरात बाणगंगा, बडोद्यातही सरकारी मानसिक रुग्णालय आहे. ‘वेड्यांचं इस्पितळ’ म्हणून लोक बिचकतात, पण झोप येत नाही एवढ्या तक्रारीवरही ओपीडीत तपासतात.

ऑफिसात कळेल ही भीती असते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. विमा कंपन्यांनाही याच कायद्याने मानसिक आजाराचा उपचार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरावा लागतो. फक्त बऱ्याच पॉलिसी दाखल झाल्यावरचाच खर्च देतात, ओपीडीचा नाही. तेव्हा पॉलिसीचा कागद काढून ते कलम आधी वाचा, आणि समजलं नाही तर एजंटाकडून लेखी उत्तर घ्या.