मातीच्या मावळ्याचे मोल

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. गोरेगाव स्टेशनाबाहेर आकाशकंदील, पणत्या आणि रांगोळीचे ढीग यांच्या गर्दीत एका बाईने गोणपाट अंथरून त्यावर मावळ्यांची फौज उभी केली होती. ढाल-तलवारवाले, भालाईत, तुतारीवाले, तोफेला बत्ती देणारे, आणि सगळ्यांच्या मागे सिंहासनावर बसलेले महाराज. माझा भाचा बरोबर होता. इमारतीच्या आवारात त्याचा किल्ला अर्धामुर्धा उभा राहिला होता, आणि किल्ल्याला शिबंदी हवी होती.

बाईजवळ दोन प्रकारचे मावळे होते. एक तीस रुपयांचा, दुसरा दीडशेचा. उंची सारखी, साचाही बहुधा एकच. भाच्याने दोन हातांत दोन मावळे धरले आणि विचारले, “मामा, दोघेही मावळेच ना? मग ह्याला तीस आणि त्याला दीडशे का?”

बाई म्हणाली, “बाळा, तो फवाऱ्याने रंगवलेला. हा हाताचा.”

मी शाळामास्तर, प्रश्नाला उत्तर देण्याची मला सवय. पण त्या वेळी मी उत्तर दिले नाही. मी घासाघीस केली. दीडशेचा मावळा सव्वाशेला मागितला. बाईने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता तो कागदात गुंडाळून दिला. घरी येईपर्यंत भाच्याचा प्रश्न माझ्या डोक्यात घोळत राहिला. त्याचे उत्तर शोधायला इतिहासात बरेच मागे जावे लागले, आणि शेवटी ते माझ्याच चाळीच्या गॅलरीत सापडले.

खेळातल्या सैन्याचा इतिहास तसा फार जुना. आपल्याकडचे चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ यांची पटावर मांडलेली लढाईच. परंतु रंगवलेला शिपाई हा स्वतंत्र धंदा झाला तो युरोपात, जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथले कथील ओतणारे कारागीर चपटे शिपाई घडवू लागले. दगडी पाटीवर शिपायाचे चित्र उलटे कोरायचे, दोन पाट्या जुळवून मधल्या फटीत वितळलेली धातू ओतायची, की शिपाई तयार. एर्न्स्ट हाइनरिख्सन याने १८३९ साली आपला कारखाना काढला आणि बोटभर उंचीचे हे शिपाई घरोघर पोहोचले.

आता गंमत पाहा. हे शिपाई विकत वजनावर. आपण चणे-फुटाणे घ्यावे तसे पावशेर, अर्धा शेर शिपाई लाकडी पातळ डबीत भरून घ्यायचे! कथलाला वजन होते, म्हणून कथलाला भाव होता. रंग तराजूत काय भरणार? आणि रंगवीत कोण, तर आसपासच्या बायका आणि मुले, आपापल्या घरी बसून, नगावारी मजुरीवर. कोरणाऱ्याचे नाव कधीकधी पाटीवर राही. रंगवणारीचे नाव कुठेच राहिले नाही.

१८९३ साली इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन याच्या कारखान्याने आणखी एक युक्ती काढली. वितळलेले शिसे साच्यात ओतायचे, कडेचे थिजले की मधले परत बाहेर ओतून टाकायचे. शिपाई आतून पोकळ! शिसे कमी लागले, वजन घटले, आणि एका शिलिंगात डबीभर शिपाई मिळू लागले. जर्मन शिपायांची बाजारपेठ ह्या पोकळ शिपायांनी जिंकली. धातू वाचवता आली, पण रंग वाचवता येईना; प्रत्येक लाल कोट, प्रत्येक काळा बूट हातानेच रंगवावा लागे, आणि तेही काम घरी नेऊन करणाऱ्या बायका होत्याच. पुढे शिशाचे खेळणे मुलांच्या तोंडात जाणे बरे नव्हे हे सर्वांना पटले आणि १९६६ साली ह्या कंपनीने शिशाचे शिपाई बंद केले. आज तेच जुने शिपाई, मूळ डबी आणि मूळ रंग शाबूत असेल तर, मोठ्या बोलीने लिलावात जातात. रंग उडालेला शिपाई मात्र पुन्हा नवा रंगवला तर त्याची किंमत वाढण्याऐवजी घटते! कारण घेणाऱ्याला हवा असतो तो शंभर वर्षांपूर्वीचा हात.

ह्या शिपायांचा उपयोग काय? एच. जी. वेल्स ह्या कादंबरीकाराने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तकच लिहिले. जमिनीवर ठोकळ्यांची घरे मांडायची, शिपाई उभे करायचे, आणि स्प्रिंगच्या छोट्या तोफेतून लाकडी गोळे उडवून ते पाडायचे, अशी ही मोठ्या माणसांची लढाई. तेथून हौशी लोकांचा युद्धखेळ वाढत गेला. आज युरोप-अमेरिकेत असे खेळणारे पुष्कळ आहेत. शिपाई विकत घ्यावा, आणि स्वतःला रंगवता येत नसेल तर रंगवून घ्यावा. रंगवणाऱ्याची मजुरी पुष्कळदा शिपायाच्या किमतीहून अधिक होते. काहीजण त्यासाठी शिपाई थेट श्रीलंकेतल्या कार्यशाळांत पाठवतात, कारण तिथली मजुरी परवडते. आणि इतके करून तो शिपाई पुढे विकायला काढला, तर धातू अधिक मजुरी एवढे पैसे क्वचितच परत येतात. न्यूरेंबर्गच्या तराजूची खोड अजून गेलेली नाही, असेच म्हणायचे.

पण मला सर्वांत विचार करायला लावले ते एका दुसऱ्याच खेळाने. प्रशियाच्या सैन्यातील एक अधिकारी राइसविट्झ याने आपल्या वडिलांच्या खेळाला सुधारून १८२४ साली सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धखेळ तयार केला. त्यात नकाशा होता, फासे होते, पंच होता. पण शिपाई नव्हते. नुसते लाल आणि निळे ठोकळे. खऱ्या सेनापतीला शिपायाचे नाक-डोळे लागत नाहीत, त्याला नुसता आकडा पुरतो. शिपायाला मिशी असावी, डोळे असावेत, कमरेचा शेला लाल असावा, हे लागते ते मुलाला. एवढ्या एका बाबतीत मूल सेनापतीपेक्षा शहाणे, असे मला वाटते.

आपल्या किल्ल्याकडे वळू. मुंबईच्या ह्या उपनगरात किल्ला म्हणजे चार विटा, दोन गोणपाटे आणि तांबडी माती. आम्ही लहान असताना आरेच्या बाजूने पिशव्या भरून माती आणत असू. त्या आरे कॉलनीचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते १९५१ साली झाले ते दुधासाठी. आम्हा पोरांच्या लेखी ती मातीची खाण होती. चिखल कालवायचा, गोणपाट त्यात बुडवून विटांवर पसरायचे, बुरूज थापायचे आणि उतारावर अळीव पेरायचे. वसुबारसेपर्यंत डोंगर हिरवागार. मग मावळे. त्यांच्या उंचीचा आणि किल्ल्याचा मेळ कधी बसायचा नाही. पहारेकरी दरवाज्यापेक्षा उंच आणि गुहेतला वाघ हत्तीएवढा. ह्याच गोरेगावात १९४३ साली फिल्मिस्तान स्टुडिओ निघाला आणि १९७७ साली चित्रनगरी. तिथेही किल्ले उभे राहतात, लाकडाचे आणि प्लास्टरचे, आणि काम झाले की मोडतात. आमचाही मोडायचा. फरक इतकाच, की आम्ही मोडताना रडत असू.

खऱ्या शिबंदीचा हिशेब कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४ साली जिंजीस लिहिलेल्या बखरीत दिला आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी. एकाच्या हाती सगळा गड नाही. पायदळाच्या जुमलेदाराला सालीना शंभर होन, हजारीला पाचशे. घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार. बारगीराला घोडा सरकारचा. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. मजा अशी, की बाजारात आजवर मी तुतारीवाला पाहिला, वासुदेव पाहिला, मडके घेतलेली गवळण पाहिली, पण सबनीस कधी विकायला पाहिला नाही. मातीच्या गडावर सगळे लढतात, हिशेब कोणी लिहीत नाही. आणि तो लिहिलाच, तर त्यात काय निघेल, ते सांगतो.

आमच्या चाळीत शेजारी एक काकू राहत. दसऱ्याच्या आधीच त्यांच्या दाराशी टोपल्या येऊन पडत. टोपल्यांत पांढरे, न रंगवलेले मावळे. एक व्यापारी ते डझनावारी देई, रंगाच्या पुड्याही तोच देई आणि रंगवून झाले की डझनामागे मजुरी मोजी. काकू आधी सगळ्यांच्या कडेवरची साच्याची रेघ घासून काढत. मग शंभर मावळ्यांचे हातपाय, मग शंभरांचे अंगरखे, मग शंभर पगड्या, मग शंभर मिशा. एकेक मावळा पुरा करीत बसले तर परवडत नसे. एक रंग संपला की ब्रश धुवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी डोळे. गणपतीच्या कारखान्यात ज्याला डोळ्यांची आखणी म्हणतात, ते काम त्या रात्री स्वयंपाक उरकल्यावर, दिव्याखाली, श्वास रोखून करीत.

व्यापाऱ्याचा माणूस आला की तो फक्त डोळे पाही. ज्याचा डोळा वाकडा तो बाजूला. त्याची मजुरी कापली जाई. बाजूला पडलेले मावळे तो नेत नसे. काकू ते आम्हा मुलांना वाटून टाकीत. त्यामुळे आमच्या किल्ल्यावर दरवर्षी तिरळ्या मावळ्यांची एक आख्खी पलटण असे. त्यांतला एक बुरुजावर उभा राहून एकाच वेळी पूर्वेला आणि पश्चिमेला पहारा करी. असा पहारेकरी दुसऱ्या कोणत्या गडाला होता? आम्ही खूश असू. काकूंना प्रसाद म्हणून लाडू नेऊन देत असू. प्रत्येक तिरळा मावळा म्हणजे काकूंचे बुडालेले पैसे, हा हिशेब मला कळला तेव्हा मी पस्तीस वर्षांचा होतो आणि काकू नव्हत्या.

सभासदाच्या भाषेत सांगायचे, तर काकू बारगीर होत्या. माती दुसऱ्याची, रंग दुसऱ्याचा, बाजारही दुसऱ्याचा. हात तेवढा त्यांचा. पण घोडा मेला तर बारगीराचे नुकसान होत नाही. इथे डोळा चुकला तर नुकसान काकूंचे. म्हणजे जोखीम शिलेदाराची आणि मजुरी बारगीराची! न्यूरेंबर्गपासून गोरेगावपर्यंत रंगवणाऱ्या बायकांचे हे असेच चालत आलेले दिसते.

याला दुसरा मार्ग नाही असे नाही. सावंतवाडीची गंजिफा घ्या. दशावतारी गंजिफेत दहा रंगांची मिळून एकशेवीस गोल पाने, आणि प्रत्येक पान हाताने रंगवलेले. छापील पत्ते आले आणि हा धंदा बसला. खेळायलाच घ्यायची तर एवढी महाग गंजिफा कोण घेणार? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यातच चितारींना बसायला जागा करून दिली, त्यांच्याकडून काम करून घेतले, आणि ही कला वाचली. आज ती गंजिफा क्वचितच कोणी खेळते; लोक ती जपायला घेतात. कला जगली, खेळ मात्र मागे पडला. तेव्हा भारी किंमत हाही निव्वळ लाभच असतो असे समजू नये.

म्हणूनच तीस रुपयांच्या मावळ्याला मी नावे ठेवणार नाही. किल्ल्याला पलटण लागते, एकटा मोहरा चालत नाही. पाहणारा रस्त्यावर उभा राहून दोन-तीन हातांवरून पाहतो. तेवढ्या अंतरावरून पांढरा अंगरखा आणि लाल पगडी दिसली की पुरे. ज्या घरात दीडशे रुपये जड आहेत त्या घरच्या पोराचाही गड लढला पाहिजे. पण दरवाज्यावरचा पहारेकरी, जरीपटका धरणारा, आणि सिंहासनावरचे महाराज यांच्याकडे माणूस वाकून पाहतो. तिथे हाताचे काम हवे. आणि हाताचे काम हवे असेल तर हाताचे दाम द्यायला हवेत. भाच्याच्या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे. तीस रुपयांत साचा येतो. वरचे एकशेवीस हे कोणाच्या तरी डोळ्यांचे असतात. अर्थात ते त्या डोळ्यांपर्यंत पोहोचतात की वाटेतच अडतात, हे ज्याने त्याने विचारून घ्यावे. बाईला मी विचारले नाही. उलट त्यांतलेच पंचवीस कापले.

२०२५ च्या जुलैत रायगड, राजगड, शिवनेरीपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आपल्या सर्वांची छाती फुगली, ते योग्यच झाले. त्या गडांची ओळख आपल्याला प्रथम झाली ती मात्र अंगणातल्या चिखलात, आणि तिथे पहारा करीत उभे होते ते काकूंसारख्यांच्या हातचे मावळे.

पाडव्यानंतर मी पंचवीस रुपये घेऊन स्टेशनाबाहेर गेलो. गोणपाटाच्या जागी एकजण मोबाइलची कव्हरे विकत होता. बाई कुठे गेली हे त्याला ठाऊक नव्हते. भाच्याच्या किल्ल्यावर दीडशेचा मावळा दरवाज्यात उभा होता. माझ्या टेबलाच्या खणात जुन्या पलटणीतला एक तिरळा शिपाई उरला आहे. तो मी त्याच्या शेजारी नेऊन ठेवला. भाच्याने त्याला निरखून पाहिले आणि विचारले, “हा केवढ्याला घेतला, मामा?”

ह्या दिवाळीत पंचवीस रुपये सुटे करून ठेवले आहेत. बाई दिसली तर आधी ते द्यायचे, आणि मग नवा मावळा घ्यायचा, भाव न करता.