खडकी : पेशवाईच्या अखेरीपासून छावणीपर्यंत

पुणे शहराच्या वायव्येला, मुळा नदीच्या काठी वसलेली खडकी आज पुणेकरांना प्रामुख्याने दारूगोळा कारखाना, लष्करी छावणी आणि मुंबईकडे जाणाऱ्या रस्त्यावरील गर्दी यांमुळे ठाऊक आहे. उपनगरी गाडीने पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेल्या प्रवाशाला खडकी स्थानकावर उतरण्याचे कारण क्वचितच पडते. मात्र, पेशवाईच्या अंताला जेथून प्रारंभ झाला, ते हेच गाव. खडकीच्या माळावरील एका दुपारच्या लढाईने पुण्याचे राजकीय भवितव्य बदलले आणि त्याच लढाईमुळे एका लहानशा गावाचे रूपांतर इंग्रजी वळणाच्या लष्करी वसाहतीत झाले.

मलिक अंबरने १६१० मध्ये ज्या खडकी गावी राजधानी वसविली, ते गाव म्हणजे नंतरचे औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर होय. त्याचा पुण्याच्या खडकीशी संबंध नाही. खडकाळ जमिनीवरून पडलेले हे नाव महाराष्ट्रात एकापेक्षा अधिक गावांना मिळाले आहे. इंग्रजांनी पुण्याच्या खडकीचा उच्चार 'किरकी' असा केला आणि तोच पुढे दीडशे वर्षे सरकारी कागदपत्रांत, रेल्वेच्या फलकांवर व पलटणींच्या निशाणांवर रूढ झाला.

लढाईपूर्वीची दोन वर्षे पुणे दरबारासाठी अत्यंत अस्वस्थतेची होती. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांची जुलै १८१५ मध्ये पंढरपूर येथे हत्या झाली. तिचा ठपका दुसऱ्या बाजीरावांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला. रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने या प्रकरणाचा पुरेपूर उपयोग करून घेतला. जून १८१७ च्या पुणे तहाने पेशव्यांचे मराठा मंडळावरील नाममात्र नेतृत्वही संपुष्टात आले. वसईच्या तहापासून, म्हणजे १८०२ पासून इंग्रजांच्या फौजेवर विसंबून राहिलेल्या बाजीरावांनी आता त्याच फौजेविरुद्ध सैन्य जमविण्यास सुरुवात केली. सेनापतिपदाची जबाबदारी बापू गोखले यांच्याकडे होती.

एल्फिन्स्टनला धोक्याची जाणीव वेळीच झाली. शहरालगत गारपीर येथे असलेली इंग्रजांची छावणी १ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला हलविण्यात आली. जागेची निवड लष्करी दृष्टीने चोख होती. एका अंगाला मुळेचे पात्र, जवळ गाव, समोर गणेशखिंडीपर्यंत पसरलेला उघडा माळ आणि शहरातील सरदारांच्या तळांपासून सुरक्षित अंतर. ५ नोव्हेंबर रोजी दुपारी पेशव्यांच्या फौजा हलू लागताच एल्फिन्स्टनने मुळा-मुठेच्या संगमावरील रेसिडेन्सी सोडली आणि तो खडकीच्या फौजेला येऊन मिळाला. पाठोपाठ रेसिडेन्सीला आग लावण्यात आली. त्यात त्याचा ग्रंथसंग्रहही भस्मसात झाला.

संख्याबळाचा विचार केला, तर निकाल पेशव्यांच्या बाजूने लागावयास हवा होता. मराठ्यांकडे सुमारे १८ हजार घोडेस्वार, ८ हजार पायदळ आणि १४ तोफा होत्या. कर्नल बर याच्या हाताखाली जेमतेम २८०० सैनिक होते व त्यांपैकी गोरे सुमारे ८०० होते. उरलेले सारे एतद्देशीय शिपाई. 'इंग्रजांनी मराठ्यांचा पराभव केला' हे वाक्य शालेय पुस्तकांत जितके सरळ दिसते, तितके ते खडकीच्या माळावर सरळ नव्हते, याचा विसर पडू नये. दापोडी येथे कॅप्टन फोर्ड याच्या हुकमतीखाली असलेली पलटण तर पेशव्यांच्याच खर्चाने उभी राहिली होती. ऐन लढाईत ती इंग्रजांना येऊन मिळाली.

एल्फिन्स्टनने तळावर थांबून हल्ल्याची वाट पाहण्याऐवजी पुढे सरकण्याचा आग्रह धरला. मूठभर फौज आपल्यावर चाल करून येते, हे पाहून मराठ्यांच्या पुढच्या तुकड्यांत चलबिचल झाली. तरीही बापू गोखल्यांनी कच खाल्ली नाही. पिंटो नावाच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या हाताखालील पेशव्यांच्या पायदळाने धडक दिली. तिचा पाठलाग करण्याच्या भरात इंग्रजांच्या डाव्या फळीतील शिपायांची रांग विस्कटली. ही संधी हेरून गोखल्यांनी सुमारे सहा हजार निवडक घोडेस्वार त्या फळीवर सोडले.

हाच त्या दिवसाचा निर्णायक क्षण होता. इंग्रजांच्या रांगेपुढे दलदलीचा एक पट्टा होता आणि तो दोन्ही बाजूंपैकी कोणाच्याही ध्यानात आलेला नव्हता. भरधाव आलेली घोडी चिखलात रुतली, मागचे पुढच्यांवर आदळले आणि अगदी जवळून झालेल्या बंदुकांच्या माऱ्याने हल्ला मोडला. जरीपटका सांभाळणारे मोरो दीक्षित फोर्डच्या पलटणीसमोर तोफगोळ्याने ठार झाले. दीक्षित आणि फोर्ड यांची मैत्री दरबारात सर्वश्रुत होती. बाजीराव हे सारे पर्वतीच्या टेकडीवरून पाहत होते.

अंधार पडता पडता लढाई थांबली. इंग्रजांकडील मृत व जखमींची संख्या ८६, तर मराठ्यांची सुमारे ५०० होती. पेशव्यांच्या फौजेचा फार मोठा भाग लढाईत उतरलाच नव्हता. लष्करी दृष्टीने ही चकमक मोठी म्हणता येणार नाही, पण दरबाराचे मनोबल तिने खचविले. शिरूरकडून जनरल स्मिथची फौज येऊन पोहोचली, १६ नोव्हेंबर रोजी येरवड्याजवळ पुन्हा लढाई झाली, बाजीराव दक्षिणेकडे निघून गेले आणि १७ नोव्हेंबर रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. ते चढविण्यात बाळाजीपंत नातू यांचा पुढाकार होता. बापू गोखले २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीच्या लढाईत धारातीर्थी पडले. ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. 'हिस्टरी ऑफ द मराठाज' हा ग्रंथ लिहिणारा जेम्स ग्रँट डफ खडकीच्या रणभूमीवर स्वतः उपस्थित होता, त्यामुळे या लढाईचे जे वर्णन इतिहासात रुजले ते मुख्यतः जेत्यांच्या नजरेतून आलेले आहे.

लढाईसाठी निवडलेला तळ पुढे उठलाच नाही. मुंबई इलाख्याच्या तोफखान्याचे ठाणे म्हणून खडकीची छावणी वाढत गेली. इंग्लंडमधील खेड्यात चर्च, त्याभोवतीची दफनभूमी, धर्मगुरूचे घर आणि चर्चच्या हद्दीनुसार आखलेला 'पॅरिश' ही गावाची चौकट असते. तीच चौकट येथे दख्खनच्या खडकावर बसविण्यात आली. छावणीतील अँग्लिकन चर्चचे विधिवत समर्पण १८४१ मध्ये मुंबईचे पहिले बिशप टॉमस कार यांच्या हस्ते झाले. सुमारे ६०० माणसे बसू शकतील, एवढी त्याची क्षमता होती. पलटणीचे निशाण जीर्ण झाल्यावर ते चर्चमध्ये ठेवण्याच्या इंग्रजी रिवाजाप्रमाणे मुंबईच्या २३ व्या देशी पायदळाची दोन निशाणे येथे ठेवण्यात आली होती. बहुसंख्य हिंदू-मुसलमान शिपायांच्या पलटणीचे निशाण चर्चच्या भिंतीवर, हे दृश्य त्या काळात कोणालाही विसंगत वाटले नसावे.

दापोडीचा बंगला प्रथम फोर्डचा होता. पुढे तो गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान झाला व त्याच्या आवारात सरकारी वनस्पती उद्यान फुलले. गणेशखिंडीत नवा गव्हर्नमेंट हाऊस बांधण्याचा निर्णय झाला आणि दापोडीचे महत्त्व ओसरले. १८६४ मध्ये सुरू झालेले हे बांधकाम १८७१ मध्ये पूर्ण झाले. १८४९ साल नव्हे, तर १९४९ पासून हीच इमारत पुणे विद्यापीठाची मुख्य वास्तू आहे, हे सांगितले म्हणजे तिचे वय लक्षात येते. २२ जून १८९७ च्या रात्री याच वास्तूतील राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव आटोपून परतणाऱ्या रँड व आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या. बापू गोखल्यांचे घोडदळ ज्या माळाकडे धावले, त्याच्याच कडेला ऐंशी वर्षांनी हे घडले.

खंडाळा ते पुणे लोहमार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला आणि खडकी मुंबईच्या बंदराशी जोडली गेली. १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना उभा राहिला. तेव्हापासून गावाचा दिनक्रम शेतीपेक्षा कारखान्याच्या पाळ्यांवर चालू लागला. छावणीपाठोपाठ व्यापारी, कंत्राटदार, कारागीर आले. तमिळ आणि तेलुगू भाषक कुटुंबे स्थायिक झाली. खडकी बाजारात आजही मराठीइतकीच इतर भाषांची सरमिसळ ऐकू येते. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये उच्च स्फोटकांच्या कारखान्याची भर पडली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुध निर्माण्यांची सात कंपन्यांत विभागणी झाली, तेव्हा खडकीचे कारखाने 'म्युनिशन्स इंडिया'कडे गेले. पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरीची शाश्वती गृहीत धरलेल्या कामगार वसाहतींच्या दृष्टीने हा बदल साधा नव्हता.

खडकीचे नाव लष्करात ज्यांच्यामुळे टिकून आहे, ते बॉम्बे सॅपर्स. या अभियंता दलाचे केंद्र येथे आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच युद्धात या दलाचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरील सुरुंग व अडथळे गोळीबारात दूर केले. रणगाड्याखाली सरपटत राहून दोरीच्या खुणेने चालकाला मार्ग दाखविण्याची त्यांची युक्ती प्रसिद्ध आहे. हयातीत परमवीर चक्र मिळविणारे ते पहिले वीर होत. युद्धात अपंगत्व आलेल्या सैनिकांना हस्तव्यवसाय शिकविणारी, १९१७ मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आणि मणक्याच्या दुखापतीने कायमचे जायबंदी झालेल्या जवानांचे १९७४ पासूनचे पुनर्वसन केंद्र या दोन्ही संस्था खडकीतच आहेत. पुनर्वसन केंद्रातील काही जवान तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात, चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात.

मुळा रस्त्यावरील युद्ध दफनभूमी हे खडकीतील सर्वांत शांत ठिकाण. पश्चिम आणि मध्य भारतातील विखुरलेल्या, देखभाल न होऊ शकणाऱ्या थडग्यांतील दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांचे अवशेष येथे आणण्यात आले. अशी १६६८ थडगी आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मरण पावलेल्या १८०० हून अधिक सैनिकांची नावे येथील स्मारकावर कोरलेली आहेत. त्यांतील ६२९ जणांचे अवशेष १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी येथून हलविण्यात आले. सुमारे २०० पूर्व व पश्चिम आफ्रिकी सैनिकांसाठी वेगळे स्मारक आहे. अधिकारी असो वा साधा शिपाई, शिळा एकाच मापाची.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी इंग्रजांकडून लढलेल्या युरोपीय पलटणीचा वारसा पुढे रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्स या आयरिश पलटणीकडे गेला. 'किरकी' हे नाव तिच्या लढायांच्या मानचिन्हांत समाविष्ट होते. आयर्लंडची फाळणी होऊन नवे राज्य अस्तित्वात आले आणि १९२२ मध्ये ती पलटण विसर्जित झाली.