तारा गेला, आकडे राहिले

आज 'मर्सिडीज' म्हटले की साहेबाची चकचकीत मोटार डोळ्यांपुढे येते. बोरघाटाच्या पायथ्याशी, आमच्या खोपोलीत, एकेकाळी हा शब्द मालट्रकचा होता. नाकावर जर्मन कंपनीचा तीन टोकांचा तारा, जोडीला टाटांचे नाव आणि पाठीवर पोती!

टाटा हे नाव खालापूर तालुक्याला नवे नव्हते. खोपोलीचे वीजघर 1915 पासूनचे. त्यांची टेल्को कंपनी मात्र 1945 साली निघाली ती रेल्वेची इंजिने बनवायला. घाट चढवणाऱ्या बँकर इंजिनांच्या शिट्ट्या ऐकत वाढलेल्या कर्जतकरांना याची गंमत वाटावी. 1954 साली टेल्कोने डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून ट्रक निघू लागले.

मुंबईत परदेशी कंपनी त्याआधीही होती. शिवडीला जनरल मोटर्स 1928 पासून बाहेरून आलेले भाग जोडून गाड्या तयार करी. 1953 साली सरकारने बजावले, सुटे भाग इथेच बनवणार असाल तर राहा. जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. पाव शतक राहूनही ती पाहुणीच राहिली, असे मला वाटते. जर्मनांनी मात्र काम शिकवण्याचा करार केला होता, आणि शिकणाऱ्यांनीही ते मनावर घेतले. करार चालू असतानाच, 1961 साली, इथे बनलेले ट्रक सिलोनला निर्यात होऊ लागले. सुमंत मुळगावकरांनी 1966 साली पुण्याचा कारखाना उभा करताना यंत्र बनवणारी यंत्रे आणि ती चालवणारी पोरे यांच्यापासून सुरुवात केली.

1969 साली करार संपला. तारा उतरला, त्या जागी टाटांचा 'टी' आला. घाटात काही थांबले नाही. तसाच पहिला गिअर, तशीच शिंग्रोबाला टाकलेली नाण्याची भेट. इंजिन खोलणाऱ्या उस्तादाच्या हाताला आतले सगळे ओळखीचेच होते. (फिटरला 'उस्ताद' म्हणणारी आपली भाषा त्याला गवयाच्या पंक्तीला बसवते, हे मला फार आवडते.) गाड्यांना नाव म्हणून आकडे देण्याची जर्मन रीतही राहिली. पुढचे आकडे वजनाचे, मागचे ताकदीचे. 1210 म्हणजे बारा टनांची, शंभराहून थोड्या अधिक अश्वशक्तीची गाडी. चारशेसात हा तर आता मराठी शब्दच झाला आहे.

जर्मन 1994 साली परतले ते पुण्यात मोटारी घेऊन, तेव्हाही टाटांचाच हात धरून. टाटांच्या कंपनीतले आपले उरलेले भाग त्यांनी 2010 साली विकले आणि 2012 मध्ये चेन्नईजवळ स्वतःचे ट्रक काढले. त्यांच्यावर नाव आहे 'भारतबेंझ', पण तारा नाही. खालापूरच्या टोलनाक्यावर ते टाटांच्या ट्रकमागे रांगेत उभे असतात.