पंडिता रमाबाईंची ‘साक्ष’ : दुःख, श्रद्धा आणि दोन तारखा

संशोधन प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात मी एक वाक्य लिहिलं होतं: ‘दुष्काळात आईवडील गमावल्यामुळे रमाबाई ख्रिस्ती श्रद्धेकडे वळल्या.’ मार्गदर्शकांनी ‘मुळे’ या दोन अक्षरांभोवती लाल गोल काढला आणि एवढंच विचारलं, ‘हे कुठल्या वर्षीचा कागद सांगतो?’ तुमच्यापैकी जे आत्मचरित्रांवर काम करायच्या तयारीत आहेत, त्यांनी हा प्रश्न आधीच ऐकून ठेवावा. मी उशिरा ऐकला.

आधी घटना बघा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, मग आई आणि मोठी बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी. पदरात तान्ही मनोरमा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. अशी यादी मांडली की कारण आपोआप दिसायला लागतं. एवढं सोसलं, म्हणून आधार शोधला. आणि इथंच आपण फसतो.

हे सगळं ज्या मजकुरात सलग वाचायला मिळतं ती त्यांची इंग्रजी ‘साक्ष’ १९०७ ची आहे. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर जवळपास चोवीस वर्षांनी, केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिल्यावर लिहिलेली. ‘साक्ष’ हा ख्रिस्ती लेखनातला एक ठरलेला प्रकार आहे: आधी अंधार, मग उजेड. मग ती खोटी का? अजिबात नाही. पण ती मागं वळून बघते, हे विसरायचं नाही.

गंमत म्हणजे नीट वाचलं तर हीच साक्ष माझं ते वाक्य मोडून काढते. दुष्काळानं त्यांना श्रद्धा दिली नाही, होती तीही हलवली. देवळं, उपास, तीर्थयात्रा सगळं करूनही घरातली माणसं उपाशी मेली होती. पुढं लंडनमधल्या फुलॅमला मठातल्या भगिनी ‘पतित’ ठरवलेल्या बायकांना मायेनं सांभाळतात, हे त्यांनी पाहिलं आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकली. मन वळलं ते तिथं. दुसऱ्यांच्या दुःखाशी कुणी कसं वागतं, यावरून. आणखी एक: बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळालेला नाही. म्हणजे माझं १८८३ हे वर्षसुद्धा एकटं पुरत नव्हतं.

आता १८८० च्या दशकातला पत्रव्यवहार शेजारी ठेवा. सिस्टर जेराल्डीनशी रमाबाई त्रैक्यावरून वाद घालतायत. आपली सदसद्विवेकबुद्धी धर्मगुरूंच्या हवाली करायला त्या तयार नाहीत. ही पोरकी, विधवा बाई निवाऱ्यासाठी धर्मात आली असती तर ज्यांच्या आश्रयाला होती त्यांच्याशीच इतकी भांडली असती का? मला नाही वाटत.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायकांना घेऊन आल्या. रस्त्यावरच्या त्या पोरींत त्यांना स्वतःचं उपाशी तरुणपण दिसत होतं, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. त्यांची ‘भिस्त’ बघायची तर मी इथं बघेन. त्याच १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयात बायकांची जी परवड चालली होती, तिच्याबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रातच ख्रिस्ती सरकारला फटकारलं. (‘श्रद्धा म्हणजे गप्प सोसणं’ असं एक प्रकरण मी लिहायला घेतलं होतं. ते तिथंच बारगळलं.)

‘मुळे’ मी खोडलं. त्या जागी आता तीन परिच्छेद आहेत आणि समासात प्रत्येक घटनेपुढं दोन वर्षं: घडलं कधी, लिहिलं कधी.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. हाती घेतलेलं बायबलचं मराठी भाषांतर रमाबाईंनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. या शेवटच्या महिन्यांपर्यंत १९०७ ची साक्ष पोचत नाही, म्हणून सध्या मी त्यांच्या भाषांतरातला ईयोब वाचायला घेतलाय. रोज पाच-सहा ओव्यांच्या पुढं सरकत नाही.