चांचेगिरी आणि दस्तक

बाभुळगावासारख्या वऱ्हाडांतील गांवीं बसून समुद्रावरील लुटारूंविषयीं लिहावें, याचें कोणास नवल वाटेल. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं या प्रांताचा कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापुरास जाई. त्या वाटेवर जकात घेणारा अंमलदार आणि माल लुटणारा पेंढारी यांतील भेद व्यापारी जाणत असलाच पाहिजे. समुद्रावरही हाच भेद होता. इंग्रज लेखकांनीं तो पुसला व आपल्यापैकीं कित्येकांनीं त्यांचेंच अनुकरण केलें.

खरी चांचेगिरी पाहावयाची असेल तर इ. स. १६९५ सालचें 'गंज-इ-सवाई'चें प्रकरण पाहावें. मक्केचे यात्रेकरू घेऊन सुरतेस परतणारें हें बादशाही जहाज हेन्री एव्हरी या इंग्रजानें लुटलें. औरंगजेबाचा कोप झाला, सुरतेचे इंग्रज वखारवाले कैदेंत पडले आणि यात्रेच्या जहाजांस संरक्षण देण्याचें कंपनीस पतकरावें लागलें. इंग्लंडच्या सरकारनें एव्हरीस पकडून देणारास बक्षीस लाविलें. तो कधींच सांपडला नाहीं. त्याच्या कांहीं साथीदारांवर १६९६ त लंडनांत खटला झाला. मोंगली जहाज लुटल्याच्या आरोपांतून पंचांनीं त्यांस निर्दोष सोडलें! मग मूळ इंग्रजी जहाज पळविल्याचा आरोप पुढें आला, तेव्हां पांच जण फांसावर गेले. ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

आतां आंग्र्यांकडे वळूं. परवान्यावांचून फिरणारें जहाज धरण्याचा प्रघात कान्होजीनें काढलेला नव्हे. पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांतच 'कार्ताझ' सुरू केला होता, व इंग्रजही पुढें आपले परवाने देत. कान्होजीचें दस्तक याच जातीचें. इ. स. १७१३ त बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीनें तो शाहू महाराजांच्या पक्षास मिळाला व सरखेलीचें पद त्याजकडे राहिलें. त्याच सालीं मुंबईकरांशीं त्याचा तह झाला. पण इंग्रजी निशाणाखालीं इतरांचा माल जातो या कारणावरून तो मोडला. मुंबईकरांनीं विजयदुर्ग व खांदेरी यांवर मोहिमा केल्या, १७२१ त पोर्तुगीजांसह कुलाब्यावर चाल केली, सर्व फसल्या. राजाच्या अधिकारानें जकात मागणाऱ्या या सरखेलास चांचा म्हणणें आम्हांस मान्य नाहीं.

परंतु तोच न्याय तुळाजीस लावतां येत नाहीं. शाहू महाराज १७४९ त वारले. पुढें तुळाजी पेशव्यांस जुमानीना. दस्तकामागची राजसत्ता गेली कीं उरते ती नुसती जबरदस्ती. पेशव्यांची तक्रार रास्त होती, उपाय मात्र घातक ठरला. १७५५ त इंग्रजांशीं करार होऊन सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ त वॉटसन व क्लाइव्ह यांनीं विजयदुर्ग घेतला आणि आंग्र्यांचें आरमार बंदरांतच जळालें. तुळाजी मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेंत राहिला.

यानंतर मालवणकर व सावंत यांच्या गलबतांचा उपद्रव चालू राहिला. त्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं. १७६५ त इंग्रजांनीं सिंधुदुर्ग घेतला व पुढल्या वर्षीं पैसे घेऊन परत केला. शेवटीं १८१२ च्या तहांनीं कोल्हापूरकरांनीं मालवण आणि सावंतांनीं वेंगुर्लें सोडलें, व समुद्रावर हत्यारबंद गलबतें न पाठविण्याचें कबूल केलें.