कोर्लईचे भूशिर आणि मागे राहिलेली माणसे

निलंग्याच्या माणसाला समुद्र ठाऊक असतो तो आठवडी बाजारातील सुकट आणि सुके बोंबील यांच्यापुरता. आपल्या तेरणा-मांजरेचे पाणीदेखील गोदावरीतून पूर्वसमुद्राला मिळते. मग पश्चिम किनाऱ्यावरील एका टेकडीशी आपला काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे. आपल्या शेजारचा औशाचा किल्ला ज्या निजामशाहीत होता, त्याच अहमदनगरच्या निजामशाहीने कोर्लईचा गड उभारला. आणि त्या टेकडीचा काळा पाषाण आपल्या काळ्या मातीखालील पाषाणाचाच भाऊबंद आहे.

अलिबागच्या दक्षिणेस, रेवदंड्यासमोर, कुंडलिका नदीच्या मुखाशी ही सुमारे शंभर मीटर उंचीची टेकडी समुद्रात शिरली आहे. पश्चिमेस खुला समुद्र, पूर्वेस खाडी. चौलच्या बंदरात ये-जा करणारे प्रत्येक गलबत हिच्या नजरेखालून जाई. पोर्तुगीजांनी पलीकडच्या तीरावर, रेवदंड्यास, सोळाव्या शतकाच्या प्रारंभीच ठाणे मांडले होते. १५७०-७१ साली मुर्तझा निजामशहाने त्यास वेढा दिला, पण ते हाती आले नाही. १५९४ मध्ये दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने या टेकडीवर गड बांधला, तो त्यांची कोंडी करण्यासाठीच. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पोर्तुगीजांनी गड जिंकला. दारात हत्ती मरून पडल्यामुळे दरवाजा लावता आला नाही, असे सांगितले जाते. पठारावरच्या हत्तीला समुद्राकाठी असे मरण यावे, याची नोंद घेण्यास मात्र कोणास सवड झाली नसावी.

१६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेचा प्रयत्न फसला. १७३९ साली वसई पडली, आणि १७४० च्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले. १८१८ मध्ये इंग्रज आले. एवढा हा गडाचा इतिहास. कोणत्याही पुस्तकात मिळतो.

आम्हांस महत्त्वाचे वाटते ते निराळेच. १७४० मध्ये साधन असलेले पोर्तुगीज गोव्याकडे निघून गेले. ज्यांच्यापाशी जाण्यासारखे काही नव्हते ती गरीब एतद्देशीय ख्रिस्ती कुटुंबे गडाच्या पायथ्याशी कोर्लई गावात राहिली. ना राजाश्रय, ना पाठशाळा. मराठी बोलणाऱ्या मुलखाच्या मध्यभागी त्यांनी पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली आपली बोली जपली. तिला ते ‘आपली भाषा’ याच अर्थाच्या शब्दांनी ओळखतात. क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये तिच्यावर सबंध ग्रंथ लिहिला. बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपासच आहे.

गडावरील तोफा गंजल्या, पण टेकडीच्या पायथ्याचा खडक मात्र गजबजलेला आहे. ओहोटी लागली की त्यावरचे थर दिसू लागतात. वरच्या, क्वचितच भिजणाऱ्या पट्ट्यात बारीक गोगलगाई; त्याखाली खडकाला घट्ट चिकटलेली कालवे; अगदी खाली शेवाळ आणि डबक्यांत अडकलेले खेकडे, चिंबोऱ्या. कोरडेपणा आणि ऊन जो जितका सोसतो, तितक्या उंचीवर त्याचे घर. खाडीच्या बाजूस चिखलात तिवरांची झाडे आहेत. त्यांच्या मुळांच्या जाळीत कोळंबीची आणि कित्येक माशांची पिल्ले वाढतात व मोठी होऊन समुद्रात जातात. म्हणून तिवर तोडणारा पुढच्या हंगामाची मासळीच तोडतो. नदीमुखाच्या उथळ पाण्यात पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिनही असतात. ते मासे नव्हेत. श्वास घेण्यास वर येतात, पिलांना दूध पाजतात. कायद्याने त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे, तरी जाळ्यात गुंतून ते मरतात.

जून-जुलैत, माशांच्या विणीच्या काळात, यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. उरलेल्या महिन्यांत मोठ्या नौकांशी लहान होडीवाल्याची गाठ असते, आणि मासळी कमी पडली की तरुण मुले नोकरीसाठी शहर गाठतात. शहरात ती बोली कोणाशी बोलणार? द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर माउंट कार्मेल मातेच्या मंदिरातील पोर्तुगीज उपासना जाऊन मराठी आली. आम्ही स्वतः मराठीतच मिस्सा अर्पितो, तेव्हा त्याबद्दल तक्रार कशी करावी! शाळाही मराठीच. आता ती बोली उरली आहे चुलीपाशी, अंगणात, आणि जाळी विणता-विणता चाललेल्या गप्पांत.